खर्जाचे वारस कोण? जुन्या बेस गिटारी, त्यांचे संग्राहक आणि अनामिक राहिलेले वादक

१/
जुन्या तलवारीची मूठ पाहून तिचा काळ सांगणारे तरुण आज महाराष्ट्रात गावोगाव भेटतात, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र याच तरुणांना, आपल्या तालुक्यातील ऑर्केस्ट्रात १९८० च्या सुमारास बेस गिटार कोण वाजवत असे, असे विचारावे. उत्तर मिळत नाही. तलवारीचा धनी तीनशे वर्षांपूर्वीच गेला. बेसवादक कदाचित शेजारच्या आळीत आजही हयात असेल. दूरचे जपायचे आणि जवळचे विसरायचे, या सवयीविरुद्ध हा धागा आहे. विषय : जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारींचा संग्रह, आणि त्या संग्रहातून वगळली गेलेली माणसे.

२/
प्रथम वाद्याची ओळख. बेस गिटारीला साधारणपणे चार तारा असतात, मान लांब असते आणि आवाज खर्जातला असतो. सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ उमटतच नाही. त्यामुळे जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर प्राण टाकणाऱ्या अनेकांनी त्यातला खर्ज नीट ऐकलेलाच नसतो. चांगले हेडफोन लावून १९७० च्या दशकातले एखादे आवडते गाणे पुन्हा ऐकावे. तबल्याच्या आणि ड्रमच्या खाली, गाण्याला पाठीवर घेऊन चालणारा एक आवाज सापडेल. तो वाजवणाऱ्याचे नाव मात्र तबकडीच्या वेष्टनावर सापडणार नाही.

३/
वाद्याचा जन्म सोयीच्या गरजेतून झाला. पूर्वी खर्जासाठी डबल बेस वापरत. माणसाहून उंच, वाहून न्यायला अवघड आणि पितळी वाद्यांच्या गजरात सहज बुडून जाणारे असे ते वाद्य. अमेरिकेत सिएटल येथे पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास 'ऑडिओव्हॉक्स ७३६' नावाचे आडवे धरून वाजवायचे, पडदे असलेले विजेवरचे बेस वाद्य विकायला काढले. कल्पना काळाच्या पुढे होती. गिऱ्हाईक मिळाले नाही. आज त्या वाद्याचे मोजकेच नमुने शिल्लक आहेत.

४/
यश मिळाले ते १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी ३४ इंच तारलांबीची 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. प्रिसिजन म्हणजे अचूकता : सतारीसारखे पडदे असल्याने बोट योग्य जागी पडले की स्वर अचूक लागणार. लाकडाचे सपाट अंग आणि त्यावर चार स्क्रूंनी बसवलेली मान. मान बिघडली तर ती काढून दुसरी बसवता यावी, हाच त्या रचनेचा हेतू. राबणाऱ्या वादकासाठी केलेले ते हत्यार होते. पुढचा सगळा वाद समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

५/
१९५७ मध्ये प्रिसिजनची रचना बदलली, १९६० मध्ये 'जॅझ बेस' आली आणि जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. संग्राहकांच्या जगात ही तारीख पानिपतासारखी उच्चारली जाते : त्याआधीचे आणि त्यानंतरचे. 'सीबीएसपूर्व' हे शब्द जोडले की वाद्याची किंमत अनेक पटींनी वाढते. नव्या मालकांनी खर्च वाचवला, दर्जा घसरला, ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे; पण १९६४ च्या डिसेंबरात उत्तम असलेले हात १९६५ च्या फेब्रुवारीत एकाएकी वाईट झाले नव्हते. कारखाना तोच होता आणि कारागीरही तेच होते.

६/
या संग्राहकांची तपासणीची पद्धत मात्र कोणत्याही इतिहास-अभ्यासकाने शिकावी अशी आहे. मान सोडवून तिच्या टाचेवरचा तारखेचा शिक्का वाचतात. आतल्या पोटेंशिओमीटरवरचा सांकेतिक आकडा पाहतात : १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, पुढचे अंक वर्षाचे आणि आठवड्याचे. सहा आकडी संकेतात वर्षाला एकच अंक असतो, त्यामुळे ३०४६२२ हा १९५६ चा बाविसावा आठवडा की १९६६ चा, हे इतर पुराव्यावरून ठरवावे लागते. रंगाचा थर, स्क्रूचा प्रकार, झाळकामाचा जुनेपणा हे सारे एकमेकांशी ताडून पाहिले जाते.

७/
मोडी कागदाची पारख करणारा याहून वेगळे काय करतो? कागदाचा पोत, शाई, शिक्का, मायना, वळण. आणि मग मजकुरातली माणसे त्या तारखेस खरोखर हयात होती काय, याची खातरजमा. बनावट सनदा इतिहासात झाल्या, तशा बनावट गिटारीही झाल्या : १९७० च्या दशकातल्या अंगावर १९६२ चे भाग बसवून विकलेल्या. म्हणून संग्राहकांच्या काटेकोरपणाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यांच्याविरुद्धचा आक्षेप निराळा आहे. त्यांनी कागद तपासला, शिक्का तपासला, शाई तपासली. पण मजकूर वाचलाच नाही.

८/
बाजारात सर्वांत महाग वाद्य कोणते? ज्याला मूळ रंग आहे, मूळ तारखुंट्या आहेत, मूळ पेटी आहे, आणि ज्याच्यावर वाजवल्याच्या खुणा जवळजवळ नाहीत असे. अंगाला नवा रंग दिला असेल तर किंमत निम्म्यावर येते, असा संग्राहकांत सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ज्या वाद्याने वीस वर्षे रोज रात्री कोणाचे तरी घर चालवले, पडले, दुरुस्त झाले, पुन्हा उभे राहिले, ते 'सदोष'. आणि जे कोणा हौशी मुलाने घेऊन पलंगाखाली ठेवून दिले, ते 'निर्दोष'. हा निकष व्यापाऱ्याला शोभतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो स्वीकारणे म्हणजे न लढलेली तलवार श्रेष्ठ मानण्यासारखे आहे.

९/
या निकषाचा फोलपणा दाखवायला एकच वाद्य पुरे. जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने १९६० च्या दशकारंभीच्या आपल्या जॅझ बेसचे पडदे उपटून काढले, फटी बुजवल्या आणि फिंगरबोर्डावर नावेच्या लाकडाला लावतात तसल्या राळेचा थर चढवला. संग्राहकाच्या वहीत त्याने एक उत्तम वाद्य बरबाद केले. संगीताच्या इतिहासात त्याने बेस गिटारीला नवा कंठ दिला. १९७६ च्या त्याच्या पहिल्या तबकडीनंतर बेसवादनाची कल्पनाच पालटली. ते वाद्य १९८६ मध्ये चोरीस गेले, १९८७ मध्ये जॅको वारला, आणि दोन दशकांनी, २००६ मध्ये, वाद्य न्यूयॉर्कमध्ये पुन्हा उजेडात आले. मालकीचा तंटा झाला, तेव्हा मेटॅलिका या बँडचे बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो यांनी पदरचे पैसे घालून तो मिटवला.

१०/
आज जगातल्या सर्वांत मोलाच्या बेस गिटारींत त्या 'बरबाद' वाद्याची गणना होते. का? त्यातला एकही मूळ पडदा शिल्लक नाही, मूळ पृष्ठभाग नाही, कारखान्यातून निघालेले रूपही नाही. मोल आहे ते केवळ जॅकोच्या हाताचे. संग्राहक हे कबूल करतात, परंतु फक्त कीर्तिमंतांच्या बाबतीत. थोराच्या हातची खूण म्हणजे वारसा आणि अनामिक वादकाच्या हातची खूण म्हणजे डाग, असा हा दुटप्पी न्याय आहे.

११/
आता अनामिकांकडे वळू. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन यांचा बेस आहे. त्यांची १९६२ ची प्रिसिजन प्रसिद्ध होती. तुटल्याशिवाय तिच्या तारा ते बदलत नसत. पण मोटाउनच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे वादकांची नावेच छापली जात नव्हती. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर प्रथमच ती आली. जेमर्सन १९८३ मध्ये वारले. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्यांची ती गिटार चोरीस गेली आणि आजवर सापडलेली नाही.

१२/
पुढे त्यांच्यावर १९८९ मध्ये पुस्तक आले, २००२ मध्ये मोटाउनच्या वादकांवर माहितीपट आला, आणि २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना मरणोत्तर स्थान दिले. उशीर झाला, पण अमेरिकेने चूक मान्य केली. वाद्य हरवले तरी वादक सापडला. भारतात नेमके याच्या उलट घडण्याची चिन्हे आहेत : वाद्ये सापडतील, त्यांच्या मानेवरच्या तारखा वाचल्या जातील, आणि ती कोणी वाजवली हे सांगणारा एकही माणूस उरलेला नसेल.

१३/
मुंबईची कथा मोटाउनहून जुनी आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड यांचे जॅझ वाद्यवृंद वाजू लागले. त्यांच्या सहवासात गोव्याचे ख्रिस्ती वादक तयार झाले. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली ही माणसे पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस : ज्या गाण्यांना आज 'सुवर्णकाळ' म्हणतात, त्यांचे वाद्यसंयोजन यांच्या लेखणीतून उतरले आहे.

१४/
यांपैकी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले, पण कशामुळे? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील एका गमतीच्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले म्हणून. माजोर्ड्याच्या या व्हायोलिनवादकाने हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचे गंभीर प्रयत्न केले होते. महाराष्ट्राला मात्र ते अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचे पात्र म्हणून ठाऊक आहेत. शिष्याने कृतज्ञता दाखवली नसती तर तेवढेही राहिले नसते. इतिहास एखाद्या शिष्याच्या सौजन्यावर सोडून देता येत नाही.

१५/
गोन्साल्विस निदान संयोजक होते. वादकाचे काय? राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातील बेसवादक टोनी वाझ यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? नायक, गायक, गीतकार, संगीतकार, नृत्यदिग्दर्शक, वेशभूषाकार या सर्वांची नावे पडद्यावर येत. वाद्यवृंदातील वादकांची नावे सहसा येत नसत. ध्वनिमुद्रण संपले की मेहनताना हातात पडे, आणि पुढची कित्येक दशके वाजणाऱ्या त्या स्वरांशी वादकाचा संबंध तिथेच संपे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ मध्ये या वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ लिहिला, नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिला. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. मराठी इतिहासप्रेमाने या दालनाचे दार अजून नीट ठोठावलेलेही नाही.

१६/
त्या काळी बेस गिटार मिळवणे हाही एक पराक्रम होता. १९९१ पूर्वीच्या परवाना-राज्यात परदेशी वाद्य आणणे म्हणजे आयात परवाना आणि जबर जकात. परदेशी वाद्य येई ते बहुधा जहाजावर काम करणाऱ्या वा परदेशातून परतणाऱ्या नातलगाच्या सामानातून, किंवा मायदेशी निघालेल्या पाहुण्याकडून विकत घेऊन. इतरांना कोलकात्याची गिव्हसन, नाहीतर स्थानिक सुताराने आणि रेडिओ मेकॅनिकने मिळून घडवलेली गिटार. अशा वाद्यांवर १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट स्पर्धांतली तरुण मुले वाजली. त्या स्पर्धांच्या तबकड्यांना आज परदेशी संग्राहक मोठी किंमत मोजतात. ज्या देशी गिटारींवर त्या वाजल्या, त्यांना भाव नाही.

१७/
इथेच संग्राहकांच्या निकषाचा खरा अन्याय दिसतो. स्थानिक सुताराने केलेल्या बेसला अनुक्रमांक नाही, टाचेवर तारीख नाही. जागतिक बाजाराच्या दृष्टीने ती भंगार. पण इतिहासाच्या दृष्टीने ती फुलरटनच्या कारखान्यातून निघालेल्या हजारो एकसारख्या वाद्यांहून अधिक बोलकी आहे. तिच्यात टंचाई आहे, जुगाड आहे, परवाना-राज्य आहे, आणि छायाचित्रात पाहिलेले वाद्य हाताने साकारण्याची जिद्द आहे.

१८/
आता नीरेच्या काठी येऊ. बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे नीरा–बारामती रस्त्यावरचे गाव; नावातच निंबाळकर, आणि नदीपलीकडे फलटण. येथील तरुणाला निंबाळकर घराण्याची वंशावळ, वीरगळ, वाडे यांची ओढ असणे स्वाभाविक आहे. पण या पट्ट्याला आजचे रूप दिले ते नीरा डाव्या कालव्याने, उसाने आणि साखर कारखान्यांनी. ऊस आला, हाती रोख पैसा आला, आणि त्याबरोबर यात्रा-जत्रांची करमणूकही बदलली. तमाशाच्या फडाशेजारी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. लग्नात बँड आणि बेंजो आला. डिझेल जनरेटरच्या घरघरीत चित्रपटगीते वाजू लागली. ग्रामीण महाराष्ट्राने विजेचे संगीत प्रथम समोरासमोर ऐकले ते अशाच मांडवांत.

१९/
मग वादकाची जागा यंत्राने घेतली, आणि ही कथा थेट जागतिक आहे. १९८१ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाचे छोटे यंत्र काढले. हेतू सरळ होता : बेसवादक नसला तरी बेस वाजावा. आवाज खऱ्या बेससारखा नव्हता म्हणून ते पडले. सुमारे दहा हजार नग करून १९८४ मध्ये बंद झाले. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गिटारपासून सिंथेसायझरपर्यंत सारे वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्रावर दहा राग बसवून एक तबकडी काढली. ती कोणी विचारात घेतली नाही. शिकागोच्या 'ॲसिड हाउस' संगीताने तेच यंत्र गाजवले, ते त्यानंतर पाच वर्षांनी.

२०/
२०१० मध्ये ती तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झाले आणि वृद्ध चरणजीत सिंग परदेशी रंगमंचांवर वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले. ही घटना अभिमानाने सांगितली जाते. खरे तर ती लाजेने सांगायला हवी. हा माणूस मुंबईतच राहत होता. त्याचे घर शोधायला नकाशाही लागला नसता. त्याला शोधले ते एका परदेशी तबकडी-संग्राहकाने. संग्रहाची हौस माणसापर्यंत पोहोचली तर काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आणि ती हौस इथे कोणाला नव्हती, याचाही हा पुरावा आहे.

२१/
पहिला आक्षेप ठरलेला : गिटार परकी, ती आपला इतिहास कशी? मग पेटीचे काय? हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. १८४२ मध्ये देबाँ यांनी तिचे स्वामित्व नोंदवले. परकी म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये अंशतः उठली. तोवर एकाही भजनी मंडळाने पेटी खाली ठेवली नव्हती. बेंजोचे मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये झालेल्या 'ताइशोगोतो'त आहे. आज त्याच्याशिवाय गणपतीची मिरवणूक सुनी वाटते. व्हायोलिन, क्लॅरिनेट, सगळ्यांची हीच वाट. आणि कित्येक परदेशी बेस गिटारींचा फिंगरबोर्ड भारतीय शिसवीचाच असतो. लाकूड आपले चालते, मग ते वाजवणारा आपला का चालू नये?

२२/
या शिसवीतून आणखी एक धडा मिळतो. ब्राझीलची शिसव १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत गेली. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या व्यापारावर नियंत्रण आले, आणि तयार वाद्यांना सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. या काळात सीमेपार वाद्य नेणाऱ्यांनी त्यातले लाकूड कोणते, केव्हाचे, कुठून आले, याचे कागद धुंडाळून तयार केले. कायद्याने विचारले तेव्हा झाडाची वंशावळ मिळाली. वादकाची वंशावळ विचारणारा कायदा नाही, म्हणून ती कोणी लिहून ठेवत नाही.

२३/
दुसरा आक्षेप : आधी सारंगी, संबळ, तुणतुणे वाचवा, मग गिटार. एकाला वाचवल्याने दुसरे बुडते असा कोणताही हिशेब नाही. पुण्यात दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, वज्री, दिवे, दौती, फण्या जमवायला सुरुवात केली, तेव्हा शहाण्यांनी त्यांना वस्तुसंग्राहक मानलेही नसेल. इतिहास म्हणजे तोफा आणि सिंहासने, हीच समजूत होती. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि पेशवाईतील बाई पाय कशाने घाशी हे त्यांच्यामुळे कळते. केळकरांचा धडा असा की रोजच्या वापरातली वस्तू नाहीशी होण्याआधी उचलावी लागते. १९७० चे दशक आता नाहीसे होण्याच्या टप्प्यावर आहे.

२४/
तिसरा आक्षेप संग्राहकांचा : आम्ही नसतो तर वाद्ये उरलीच नसती. यात तथ्य आहे. पण केवळ पैशाने काय सापडते आणि स्मृतीने काय सापडते, याचा निकाल अलीकडेच लागला. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफनर बेस ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका व्हॅनमधून चोरीस गेली. पन्नास वर्षे ती कुठल्याही लिलावात आली नाही. शेवटी काही शोधकर्त्यांनी लोकांनाच जाहीर आवाहन केले. कोणाला व्हॅन आठवली, कोणाला दारूचा गुत्ता आठवला. धागा जुळत गेला आणि एका घराच्या माळ्यावर गिटार सापडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते जाहीर झाले. वाद्य परत आणले ते सामान्य माणसांच्या आठवणींनी.

२५/
महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडले, वाण्याच्या रद्दीतून आणि वाड्यांच्या माळ्यांवरून कागद सोडवून आणले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने निघू लागली. दप्तराबरोबर ते कोणाच्या घरी, कसे मिळाले, हेही त्यांनी महत्त्वाचे मानले. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात एकोणिसाव्या शतकात सतार-तानपुऱ्याकडे वळले. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तानपुऱ्यांचे भोपळे येतात भीमेच्या खोऱ्यातून, ज्या भीमेला इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूर येथे नीरा मिळते. वाद्यांचा इतिहास या मातीपासून दूर नाही. तो वाचण्याची सवय तेवढी दूर गेली आहे.

२६/
मग तरुणांनी काय करावे? लिलावांचे आकडे पाठ करणे सोडावे आणि आपल्या पंचक्रोशीतील एक जुना ऑर्केस्ट्रा-वादक शोधावा. त्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी : वाद्य कुठून, केव्हा, किती रुपयांना घेतले, उसनवारी केली काय, कुठल्या यात्रांत वाजवले, रात्रीचे किती मिळत, दुरुस्ती कोणी केली, वाजवणे केव्हा आणि का थांबले. वाद्याची छायाचित्रे घ्यावीत, पुढून-मागून, अनुक्रमांकासह. ओरखडे पुसू नयेत, गंजलेल्या तारा काढल्या तरी टाकू नयेत, रंग तर मुळीच देऊ नये. जुने कार्यक्रमपत्रक, करारपत्र, कॅसेट, मांडवातला फोटो मिळाला तर त्याची प्रत करावी. आणि एक वाक्य अवश्य लिहावे : हे वाद्य अमुक माणसाने अमुक वर्षांत वाजवले.

२७/
संग्राहकांनीही एवढे करावे. विकत घेताना विकणाऱ्याचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि वाद्य पुढे विकताना तो कागद सोबत द्यावा. वादकाच्या घरच्यांना वाद्याची खरी किंमत सांगावी. अज्ञानाचा फायदा घेऊन केलेली खरेदी ही पारख नव्हे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईत २०१९ मध्ये भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. ज्या गाण्यांमुळे हे चित्रपट लोकांच्या तोंडी राहिले, त्यांच्या वादकांची गाणेवार नावनिशी करणे हे अशा संस्थांचे काम आहे. ते त्यांच्याकडे मागितले पाहिजे, वारंवार मागितले पाहिजे.

२८/
१९७० साली विशीत असलेला वादक आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. गिटारीचे लाकूड आणखी शंभर वर्षे टिकेल, तिच्या मानेवरचा शिक्का २१०० सालीही वाचता येईल. ती कोणी वाजवली हे विचारण्याची मुदत मात्र फार तर आणखी दहा-पंधरा वर्षांची आहे. वडगाव निंबाळकरच्या तरुणाने या रविवारी वीरगळाचे छायाचित्र जरूर घ्यावे. परतताना गावातल्या जुन्या बँडवाल्याच्या घरी थोडे थांबावे, आणि विचारावे, "तुमच्या पार्टीत बेस कोण वाजवायचं?"

(धागा समाप्त)